तोरूच्या उजव्या टाकीतले पाणी

तोरूविषयी शेरिमकुल बाइके जे सांगतात, त्यातले निम्मे खरे धरावे. आणि ते निम्मे कोणते, हे त्यांच्या बायकोला विचारून घ्यावे. नारीन शहराच्या वस्तुसंग्रहालयासाठी मी खिंडीतल्या चालकांच्या हकिकती जमवते आहे. चालकाने स्वतःच्या गाडीविषयी केलेले कोणतेही विधान दुसऱ्या साक्षीदाराशिवाय टिपून घ्यायचे नाही, असा नियम मी या कामात पहिल्यापासून पाळत आले आहे. सारी-बुलाक हे माझेच गाव, आणि बाइकेंचे घर आमच्या घरापासून दोन कुंपणे सोडून आहे. त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा नियम मी अंमळ जास्तच कडकपणे पाळते.

तोरू म्हणजे एक जुनी रशियन जीप. सामूहिक शेती मोडली आणि तिची मालमत्ता गावात वाटली गेली, तेव्हा मेंढ्या संपल्या होत्या म्हणून आपल्या वाट्याला जीप आली, असे बाइके सांगतात. झुराकान एजे, म्हणजे त्यांच्या पत्नी (आमच्याकडे थोरल्या माणसाला बाइके म्हणतात, थोरल्या बाईला एजे), सांगतात की मेंढ्या भरपूर होत्या, दारापर्यंत हाकून आणल्या होत्या, यांनीच त्या परत पाठवल्या. मी ज्यांना ज्यांना विचारले त्या सर्वांनी एजेंच्या बाजूने साक्ष दिली. घरातल्या लाकडी जमिनीला लावायचा तपकिरी-लाल रंग बाइकेंनी जीपला दिला, वर काळे ताडपत्रीचे छत होतेच, आणि तांबूस अंगाच्या, काळ्या आयाळीच्या घोड्याला आपण जे म्हणतो तेच नाव तिला पडले.

तिच्या दोषांविषयी मात्र साक्षीपुरावा गोळा करण्याची गरज नाही. चालकाच्या बाजूचे दार वळणावर आपोआप उघडते, म्हणून ते लगामाच्या वादीने बांधलेले असते. पाऊस बाहेर थांबला तरी छतातून बराच वेळ आत पडत राहतो. उन्हाळ्यात फळीच्या फटींतून धूळ इतकी येते, की आतली माणसे घोड्यावरच्या माणसांपेक्षा जास्त मळून उतरतात. दुसरा गिअर चढणीवर निसटतो. त्यामुळे पुढच्या आसनावर जो बसेल त्याने गुडघ्याने तो दाबून धरायचा, असा रिवाज आहे. पुढचे आसन मानाचे खरे, पण तो मान मिळालेला पाहुणा उतरताना लंगडत उतरतो.

आमच्या दुकानासमोर उलारबेक आपली जपानी गाडी पुसत उभा असतो. बाइके जवळून जाताना तो हमखास विचारतो, “बाइके, तोरू आज चालतेय की नुसती चरतेय?”

“तुझी ती बाई कुरणावर चढते का, ते आधी सांग.”

“माझी बाई बिघडत तरी नाही.”

“जातच नाही कुठे, तर बिघडेल कशाला?”

यातला प्रत्येक शब्द खरा आहे. उलारबेकची गाडी डांबर संपते तिथे थांबते, आणि पलीकडच्या उझुन-साझच्या कुरणावर पीठ, मीठ, पशुवैद्य आणि बाळंतिणी पोहोचवायची वेळ आली की सगळे गाव त्याच बिघडणाऱ्या जीपच्या दारात येऊन उभे राहते.

बाइकेंचे वडील शर्यतीचे घोडे तयार करत. मुलाच्या हाताखाली घोडे आले नाहीत, जीप आली. पण वागणूक त्याने घोड्याचीच ठेवली. चढण संपली की ते उतरून बॉनेटवर तळहात ठेवतात आणि मान तिरपी करून ऐकत राहतात. तोरूच्या देखत तिच्याविषयी वाईट बोलायचे नाही, हा त्यांचा दंडक आहे. मी तिच्या दोषांची चौकशी सुरू केली तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून मेंढवाड्यामागे नेले आणि दबक्या आवाजात एकेक दोष सांगितला. त्यांची मुलगी जिबेक या जीपमध्येच जन्मली, असेही त्यांनी त्या वेळी सांगितले. रुग्णालयाच्या कागदांत तसे काही नाही. मी एजेंना विचारले. त्या म्हणाल्या, “दवाखान्याच्या फाटकात बंद पडली ही. पोर हिच्या आतच झाली. नर्सबाईनं चादर टाकली आणि दवाखान्यात झाली म्हणून लिहिलं. तू काय लिहायचं ते लिही.”

तर अशा माणसाच्या मनात संशय शिरला, त्याची ही हकिकत आहे.

तोरूला दोन टाक्या आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि आसनाखालची चावी फिरवली की इंजिन एका टाकीवरून दुसरीवर जाते. गावापासून खिंडीच्या पायथ्यापर्यंत बाइके डाव्या टाकीवर जातात. पायथ्याला बेल-आल्दी नावाची चार-सहा घरांची वस्ती आहे. तिथे दोन्ही टाक्या भरून घ्यायच्या, आधी डावी, मग उजवी, आणि चढणीला उजवी टाकी लावायची, हा त्यांचा ठरलेला क्रम. चढणीला ताजा घोडा हवा, एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

बेल-आल्दीत पेट्रोल विकतात ते जुमादिल. ते बाइकेंचे व्याही आहेत. जिबेक त्यांच्या मुलाला दिली आहे. लग्नाच्या वेळी या दोघांनी एकमेकांना घातलेले झगे आजही दोघे सणाला घालतात, इतका दोघांचा घरोबा होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून तोरू खिंडीच्या चढणीवर बंद पडू लागली. बंद ती आधीही पडत असे, पण जागा आणि कारणे बदलत असत; आता जागाही तीच आणि कारणही तेच. उजवी टाकी लावली की थोड्या वेळाने इंजिन खोकू लागे, मग गप्प होई. पेट्रोल गाळायच्या काचेच्या वाटीत पाणी सापडे. बाइके रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून वाटी पालथी करत, पुसत, डाव्या टाकीवर येऊन रडतखडत खिंड ओलांडत. डाव्या टाकीत कधीच पाणी सापडले नाही.

या गोष्टीवर बाइकेंनी पुष्कळ विचार केला, आणि त्यांचा निष्कर्ष तर्काला धरून होता. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते पिंपाच्या तळाला बसते. डावी टाकी आधी भरते, तिला पिंपातले वरचे पेट्रोल मिळते. उजवी नंतर भरते, तिला तळाचे. म्हणजे पिंपात पाणी आहे. आता पाणी पिंपात आपोआप शिरते की कोणी घालते?

पहिल्यांदा त्यांनी हसत विचारले. “व्याही, यंदा पेट्रोलला पाऊस बरा झालेला दिसतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे पातळ लागतंय जरा.”

जुमादिल हसले नाहीत. त्यांनी घरातून काचेची मोठी बरणी आणली, पिंपाच्या तळातून रबरी नळीने पेट्रोल ओढून तीत भरले आणि बरणी भिंतीवर उन्हात ठेवली. दोघे चहा प्याले. बरणीत तळापर्यंत एकच रंग होता.

“बघा,” जुमादिल म्हणाले.

“बघितलं. आज स्वच्छ आहे.”

“आज?”

“मी आलोय हे तुम्हाला माहीत होतं, एवढंच म्हणतोय.”

हे वाक्य गावात पोहोचायला फार वेळ लागला नाही. त्यानंतर जुमादिल पेट्रोल भरताना हात मागे बांधून उभे राहू लागले. नळी बाइकेंनी स्वतः धरायची, बरणीत बाइकेंनी स्वतः पाहायचे. एकदा जुमादिल यांनी उजवी टाकी आधी भरायला लावली. तोरू तरीही त्याच वळणाच्या आसपास, उजव्या टाकीवरच, बंद पडली. संशय इथे संपायला हवा होता. पण बाइके मला म्हणाले, “बघ पोरी, किती हुशार आहे. मी क्रम बदलणार हे त्याला आधीच कळलं असणार.”

“क्रम तर त्यांनीच बदलायला सांगितला, बाइके.”

“तेच म्हणतोय.”

मी दोघांवरही संशय घेत होते, हे इथे सांगितले पाहिजे. जुमादिल यांना पाणी मिसळून काय मिळणार, हे मला उमगत नव्हते. दिवसाकाठी दोन-तीन गाड्यांत पाण्यावर कोणी श्रीमंत होत नाही, आणि इतर कोणाची तक्रारही नव्हती. दुसरीकडे, तोरूचीच एखादी जुनी खोड बाइके व्याह्यांच्या नावावर खपवत असावेत, असे मला वाटे. स्वतःच्या गाडीला दोष देण्यापेक्षा नातलगाला दोष देणे त्यांना सोपे जाते, हे मी पाहिलेले होते. उजव्या टाकीला गंजून भोक पडले असेल, असे मी सुचवले. त्यांनी टाकी खाली उतरवून, साबणाच्या पाण्याने भिजवून, फुंकून दाखवली. भोक नव्हते. नंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मग या वसंतात जिबेकला मुलगा झाला. कळप वर गेले तसे जिबेक, तिचा नवरा आणि बाळ, सगळे जुमादिल यांच्या घरच्यांसोबत उझुन-साझच्या कुरणावर गेले. बाळाला पाळण्यात घालायचा दिवस ठरला. पाळणा मुलीच्या माहेरून यायचा असतो, आणि माहेरच्या माणसांनी तो स्वतः आणून उंबऱ्यात ठेवायचा असतो. दुसऱ्या कोणाच्या हाती आला, तर सून रिकाम्या घरातून आली, असे तंबूतल्या बायका पुढे जन्मभर म्हणत राहतात. झुराकान एजेंनी सगळा हिवाळा पाळण्याची गादी आणि पांघरुणे शिवली होती.

निघायच्या आदल्या आठवड्यात बाइके तालुक्याला गेले आणि तिथल्या पंपावरून आपल्या डब्यांत पेट्रोल घेऊन आले. डबे त्यांनी आधी उन्हात वाळवले होते. पेट्रोल त्यांनी पांढऱ्या फडक्यातून दोनदा गाळून दोन्ही टाक्यांत भरले. एजे उंबऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या.

“म्हणजे व्याह्यांच्या दारात थांबायचं नाही?” त्यांनी विचारले.

“थांबायचं काय कारण? टाक्या भरलेल्या आहेत.”

“टाक्यांसाठी थांबतात का माणसं? पाळणा घेऊन चाललोय आपण. त्यांच्या दारावरून जायचं आणि भाकरीचा तुकडा मोडायचा नाही?”

“ते वर असतील. सगळे वर असतील.”

“ते खाली आहेत. गिऱ्हाइकं सोडून ते आधी वर जात नाहीत, तुम्हालाही ठाऊक आहे.”

“मग त्यांनी वर आल्यावर भाकरी मोडावी माझ्यासमोर. आणि तोरू एकदाही न अडता वर गेली, तर सगळ्यांदेखत मी विचारणार आहे, की माझ्या पेट्रोलवर ही चढते आणि तुमच्या पेट्रोलवर का चढत नाही.”

एजे उंबऱ्यातून अंगणात उतरल्या. “बाळाच्या पाळण्यासमोर विचारणार?”

“सगळ्यांदेखत,” बाइके म्हणाले.

त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही कळला. असा प्रश्न एकदा पाहुण्यांसमोर विचारला गेला की व्याही व्याही राहत नाहीत. आणि जिबेकला त्याच तंबूत आयुष्य काढायचे होते.

सकाळी आम्ही निघालो. पाळणा मागच्या आसनावर, त्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला एजे. बाळाच्या वस्तू असलेले आसन रिकामे सोडायचे नसते म्हणून मला बोलावले होते. निघण्याआधी एजेंनी बाइकेंना भाकरीचा तुकडा आणि साय तोंडाला लावायला दिली, मला दिली, आणि हातातला लाकडी वाडगा घेऊन त्या जीपच्या उजव्या बाजूने फिरल्या. प्रवासाला निघणाऱ्या गाडीच्या चाकावर आमच्याकडे कोणीही पांढरे, म्हणजे दूध नाहीतर आयरान हे पातळ दही, शिंपडते. माझी आई शिंपडते, उलारबेकची बायको त्या चकचकीत जपानी गाडीवरही शिंपडते. संशय घ्यावे असे त्यात मला काही दिसले नाही.

बेल-आल्दी आली. जुमादिल पिंपाजवळ उभे होते. त्यांनी सणाचा झगा घातला होता, आणि त्यांच्या मागे, दारातल्या बाकावर, फडक्याने झाकलेले ताट होते. जीप दिसताच ते दोन पावले पुढे आले. बाइकेंनी वेग कमी केला नाही. मी मागे वळून पाहिले, तेव्हा ते धुळीत तसेच उभे होते आणि स्वागताला छातीवर ठेवलेला त्यांचा हात अजून तिथेच होता.

“झोपले होते का ते?” एजेंनी विचारले. जुमादिल यांना उभे असलेले त्यांनीही पाहिलेले होते.

“मी रस्ता बघत होतो,” बाइके म्हणाले.

चढण सुरू झाली. बाइकेंनी आसनाखाली हात घालून चावी उजव्या टाकीवर फिरवली, पुढचे आसन रिकामे असल्यामुळे दुसरा गिअर एका हाताने दाबून धरला, आणि ते अगदी हलक्या आवाजात तोरूशी बोलू लागले. पहिली वळणे तिने बिनतक्रार घेतली. “ऐक,” ते आमच्याकडे न वळता म्हणाले, “ऐकताय ना? कशी घेतेय. स्वच्छ पेट्रोल असलं की...”

तोरू खोकली.

बाइकेंनी पायाने ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. ती आणखी दोनदा खोकली, एकदा जोरात फुरफुरली आणि जुन्याच वळणाच्या किंचित पुढे गप्प झाली. त्यांनी ब्रेक ओढला, दाराची वादी सोडली, खाली उतरले, आणि बॉनेट न उघडता त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. वारा सुटला होता. वरच्या उतारावर अजून बर्फाचे पट्टे होते.

घोड्याच्या टापा ऐकू आल्या तेव्हाही ते तसेच उभे होते. जुमादिल खालून येत होते. त्याच झग्यात, खोगिराला बांधलेल्या पिशवीसकट.

“या, व्याही,” बाइके म्हणाले. “मजा बघायला आलात?”

“वर तंबूत माणसं वाट बघतायत. पाळणा द्या, मी घोड्यावरून नेतो.”

“पाळणा तुम्ही नेणार?”

“मग काय करू? संध्याकाळपर्यंत तुम्ही इथंच बसणार.”

“माझ्या मुलीचा पाळणा तिचा सासरा आणणार, आणि लोक म्हणणार शेरिमकुलचे हात रिकामे होते. याचसाठी का हे सगळं?”

जुमादिल घोड्यावरून उतरले. त्यांचा आवाज चढला नाही. “आज यात कोणाचं पेट्रोल आहे?”

बाइकेंनी बॉनेटवरची धूळ हाताने पुसली.

“विहीणबाई, कोणाचं आहे?”

“तालुक्याचं,” एजे आतून म्हणाल्या. “यांनी फडक्यातून गाळलं. दोनदा.”

“मग आज मी काय केलं, तेवढं सांगा. मी तर पिंपापाशी उभा होतो. तुम्ही बघितलंत मला.”

बाइकेंनी बॉनेट उघडले. हातांना काम हवे होते. त्यांनी काचेची वाटी खोलून उजेडात धरली. मी उतरून जवळ गेले, कारण त्या वाटीविषयी मी आजवर नुसते ऐकले होते, ती पाहिली नव्हती. वर पेट्रोल होते, खाली पाण्यासारखा गढूळ थर, आणि तळाशी पांढरे, मऊ कण.

“हे बघ,” बाइके मला म्हणाले, “पुन्हा पाणी. काल कोणीतरी माझ्या अंगणात येऊन...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही. त्यांचा कुत्रा परक्या माणसाला कुंपणाजवळ येऊ देत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते.

जुमादिल यांनी वाटी त्यांच्या हातातून घेतली. पेट्रोल ओतून टाकले, तळाचे पांढरे बोटाच्या टोकावर घेतले, हुंगले. मग, माझा विश्वास बसेना, त्यांनी बोट जिभेला लावले आणि बाजूला थुंकले.

“पाणी नाही हे,” ते म्हणाले.

“मग काय आहे?”

जुमादिल यांनी बाइकेंकडे पाहिले नाही. त्यांनी जीपच्या आत, पाळण्यापलीकडे पाहिले, आणि लगेच नजर खाली घेतली. “नसेल काही,” ते म्हणाले. “माझ्याच पिंपातला जुना गाळ असेल, टाकीला धरलेला. मी पिंप बदलतो. चला, लावा ती वाटी.”

वर्षभर त्या माणसाने जे कबूल केले नव्हते, ते तो आता आपणहून कबूल करत होता, आणि ते खोटे आहे हे त्याच्या आवाजावरून कळत होते. मी विचारणार होते. माझ्याआधी एजे बोलल्या.

“गाळ नाही. आयरान आहे ते. माझं.”

बाइके वळले. “काय?”

“मी घालते. थोडंसं. पाण्यात घोळून.”

“टाकीत?”

“तोंडात,” एजे म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात पाळण्याच्या काठावर होते. “मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ब्रेक गेले आणि तुम्ही नदीच्या काठावर जाऊन अडकलात ना, तेव्हापासून. जिबेकचे बाबा, घरातून कोणी उपाशी निघत नाही. तुम्हाला भाकरी लावून सोडते. हिला नुसतं चाकावर शिंपडत होते. मला वाटलं, इतकी वर्षं ती माझ्या दारातून तोंडाला काही न लागता जातेय, म्हणून अशी करते. तुम्हीच म्हणता ती घोडा आहे.”

“दरवेळी घालतेस?”

“लांब जाताना. जवळ जायचं असलं तर झाकणाला नुसतं बोट लावते.”

“आणि उजवीकडेच?”

“दाराकडे तेच तोंड असतं तिचं.”

घोड्याने मान हलवली. बाइकेंनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटले ते एजेंवर ओरडतील; मग वाटले, हसतील. त्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी व्याह्यांच्या हातातून वाटी परत घेतली आणि ती आपल्या सणाच्या झग्याच्या बाहीने आतून बाहेरून पुसली. तो झगा तोच, जुमादिल यांनी लग्नात त्यांच्या अंगावर घातलेला. वाटी बसवून त्यांनी बॉनेट लावले, आणि आसनाखालची चावी डाव्या टाकीवर फिरवली. तोरू दुसऱ्या हिसक्याला सुरू झाली.

“व्याही, घोडा सोडा,” ते म्हणाले. “त्याला घर ठाऊक आहे. पुढे बसा.”

“तुम्ही जा वर. मी येतो घोड्यावरून.”

“वर नाही जात आपण.” बाइकेंनी चाक फिरवायला सुरुवात केली. “खाली जातोय.”

“खाली? पाहुणे बसलेत तिथं. मेंढी कापली असेल.”

“तुमच्या दारावरून मी उपाशी आलोय. ताट झाकून ठेवलं होतं तुम्ही, ते मी बघितलं. तसाच वर गेलो तर कुठल्या तोंडानं पाळणा ठेवू?”

त्या वळणावर जीप फिरवणे मी कोणालाही सुचवणार नाही. रस्ता तोरूच्या लांबीपेक्षा थोडाच रुंद आहे, आणि तिच्या ब्रेकविषयी एजेंच्या बोलण्यात आलेच आहे. बाइके पुढे-मागे करत राहिले, जुमादिल मागच्या चाकाखाली दगड ठेवत आणि काढत राहिले, आणि एजे पाळणा घट्ट धरून डोळे मिटून बसल्या. मी उतरून उभी होते. काही झाले तर साक्षीदार राहावा, असा विचार मी केला होता; तो भित्रेपणा होता की पद्धत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बेल-आल्दीत जुमादिल यांच्या घरी कोणीच नव्हते, घरची सगळी माणसे वर गेलेली. त्यांनी स्वतःच ताट पुढे आणले. भाकरीवर धूळ बसली होती. बाइकेंनी तुकडा मोडला, सायीत बुडवला, खाल्ला, आणखी एक मोडला आणि व्याह्यांच्या हातावर ठेवला. क्षमा हा शब्द कोणी उच्चारला नाही. मी लक्ष देऊन ऐकत होते.

“आता भरा,” बाइके म्हणाले.

“टाक्यांत जागा कुठं आहे? तालुक्याचं गाळीव पेट्रोल आहे तुमचं.”

“जागा करतो.” त्यांनी उजव्या टाकीच्या खालचा नट काढला, आणि पांढरट पाण्यासकट सगळे पेट्रोल जुमादिल यांच्या जुन्या डब्यात वाहू दिले. मग जुमादिल यांनी पिंपाची नळी आणली. त्यांनी ती बाइकेंपुढे धरली, वर्षभराच्या सवयीप्रमाणे. बाइकेंनी हात मागे बांधले. जुमादिल यांनी टाकी स्वतः भरली.

निघताना एजे घरात गेल्या आणि वाडगा घेऊन आल्या. जुमादिल यांनी पुढे होऊन उजव्या टाकीच्या झाकणावर आपला पंजा ठेवला.

“चाकावर, विहीणबाई.”

“चाकावरच टाकतेय.”

“बघतोय मी.”

“वर्षभर तुमच्यावर नजर ठेवली यांनी,” एजे चाकावर आयरान शिंपडत म्हणाल्या, “आता माझ्यावर ठेवा.”

चढणीवर जुमादिल पुढे बसले आणि गुडघ्याने दुसरा गिअर दाबून धरला. जुने वळण आले आणि गेले. बाइकेंनी श्वास सोडलेला मला मागून दिसला. त्यापुढच्या उभ्या चढावर, खिंडीचे तोंड दिसू लागले असताना, बॉनेटखालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि वाफेचा ढग काचेवर आला. पंख्याचा पट्टा गेला होता.

तोरू थांबली. चौघेही आपापल्या जागी बसून राहिलो. बाइकेंनी व्याह्यांकडे पाहिले नाही, व्याह्यांनी टाकीकडे पाहिले नाही, एजेंनी वाडगा लपवला नाही.

“पट्टा आहे दुसरा?” जुमादिल यांनी विचारले.

“नाही.”

जुमादिल यांनी आपला सणाचा झगा वर केला, कमरेचा चामडी पट्टा सोडला, आणि गुडघा चोळत लंगडत खाली उतरले.